‘बनावट पत्ता’ की ‘तोतया मेल’?

प्रश्न, सांगली मार्केट यार्ड : आमच्या हळदीच्या अडत पेढीकडून व्हायरसचे मेल आले, असे पार्ट्यांचे फोन येताहेत. आमच्या ‘सेंट’मध्ये त्यातला एकही नाही. उलट ज्यांना कधी लिहिलंच नाही, त्यांच्याकडचे ‘मेल पोहोचला नाही’ असे निरोप आमच्याकडे येऊन पडलेत. सगळ्यांना खुलासा पाठवायचाय. ‘आमचा मेल हॅक झाला’ लिहू की ‘बनावट पत्त्यावरून मेल आले’?

साताऱ्याहून : दोन्ही नको. ‘हॅक’ म्हटलं की कुणीतरी तुमच्या खात्यात शिरलं असा अर्थ होतो. उद्या शेतकरी पट्टीच्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या) रकमेवरही शंका घेईल. (पासवर्ड मात्र बदलाच.) आणि पत्ता बनावट कुठे आहे? तो तुमचाच आहे. खोटा आहे तो पाठवणारा. ‘तोतया’ म्हणा. तोतया व्हायला आधी खरा माणूस लागतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, 1776 मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. पण त्याच्या उद्योगांचा डाग भाऊंना लागला नाही. पेढीलाही लागू नये.

सांगली, विश्रामबाग : शब्द पटला. 2002 मध्ये फैलावलेला क्लेझ नावाचा व्हायरस हेच करायचा. लागण झालेल्या कॉम्प्युटरमधले पत्ते गोळा करून एकाच्या नावाने दुसऱ्याला मेल. 2003 चा सोबिग, 2004 चा मायडूमही त्याच वाटेचे. म्हणजे लागण बहुतेक तिसऱ्याच कुणाकडे आहे, ज्याच्याकडे तुमचा आणि त्या पार्टीचा, दोघांचे पत्ते आहेत. मेल पोहोचवण्याची एसएमटीपी पद्धत 1982 ची. पाकिटामागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहावं, तसं तिथे चालून जायचं.

एक भेद मात्र पाळा. डोळ्यांना दिसतो तो ‘फ्रॉम’, त्याला ‘प्रेषक’ म्हणा. न पोहोचलेला मेल जिथे परततो तो ‘रिटर्न-पाथ’ वेगळा, त्याला ‘परतीचा पत्ता’. तुमच्याकडे निरोप आले, म्हणजे ही दुसरी जागाही तुमच्याच नावाने भरलेली होती.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘आमच्या नावाने तोतया मेल फिरत आहेत. सोबतची फाईल उघडू नये. बँक खाते बदलल्याचा मजकूर आल्यास पेढीवर फोन करून खात्री करावी.’

साताऱ्याहून : उत्तम. ‘नेहमीच्या नंबरवर फोन करून’ एवढं घाला, नाहीतर लोक त्या मेलमधलाच नंबर फिरवतील. पेढीचं स्वतःचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) असेल तर पाठवणारा खरा की तोतया हे ओळखायला लागणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदीही करून घ्या. त्या पाहून समोरच्या सर्व्हरला तोतया मेल दारातच नाकारता येतो.