बर्फ कारखाना: टनामागे ७८ युनिट, पाणी मुरतंय कुठे?

हर्णै_बर्फ
१५ टनी कारखाना, ५० किलोच्या लाद्या, अमोनियावर चालणारा, लाद्या गोठवायला मिठाच्या पाण्याची ब्राईन. टनामागे ७८ युनिट जळतात. हेड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा दाब) २२० पीएसआय, सक्शन (आत ओढतानाचा दाब) १२, ब्राईन उणे १० अंश. नवा कॉम्प्रेसर घ्यावा की छतावर सोलर टाकावं? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काय ते उरकायचंय.

गेजवाला
दोन्ही थांबवा. सगळे हेडकडे बघतात, पण तुमचा खरा चोर सक्शनला आहे. १२ पीएसआयला अमोनिया उणे २० च्या आसपास उकळतो. ब्राईन उणे १० असताना मध्ये १० अंशांचं अंतर कशाला? ५-६ पुरे. सक्शन २० वर आणा, म्हणजे उणे १५ झालं. दर अंशामागे साधारण ३ टक्के वीज वाचते, शिवाय कॉम्प्रेसर तेवढ्याच वेळात जास्त थंडावा देतो, त्यामुळे चालण्याचे तासही घटतात.

अंतर वाढायचं पहिलं कारण तेल. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियात विरघळत नाही, जड असल्यामुळे कॉईलच्या (ब्राईनमधल्या अमोनियाच्या नळ्यांच्या) तळाशी साचतं आणि तेवढी नळी फुकट जाते. ऑइल पॉटमधून ते नेमाने काढा. काढताना मास्क, हातमोजे, शेजारी पाण्याची धार आणि हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह, यातलं एकही नसेल तर हात लावू नका.

दुसरं, ब्राईन पातळ. हायड्रोमीटरने घनता बघा, १.१७ च्या आसपास हवी. खाली असेल तर कॉईलवरच बर्फाचा थर धरतो आणि मग काहीही करा, सक्शन पडणारच. डबे बुडवताना-काढताना मीठ जातं, म्हणून दर आठवड्याला मोजावं. ब्राईन ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरचा पट्टा सैल आहे का तेही बघा. द्रव अमोनियाच कमी पडत असेल तरी हीच लक्षणं दिसतात.

कुडाळ_इलेक्ट्रिक
सक्शनबद्दल सहमत, पण हेडही सोडू नका. २२० म्हणजे ४१-४२ अंशांना कंडेन्सिंग (अमोनिया वायूचा परत द्रव होणं). कंडेन्सरचं पाणी गार करणारा टॉवर ठीक असेल तर आपल्या दमट हवेतही १९० पर्यंत यायला हरकत नाही. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसलेत की अमोनियात हवा शिरलीय, हे आधी ओळखा. कॉम्प्रेसर बंद, कंडेन्सरचं पाणी चालू, आतबाहेर तापमान सारखं होऊ द्या. पाणी ३० अंश असेल तर गेज १५५ च्या आसपास हवा. १७० दाखवत असेल तर हवा आहे, पर्ज करा, म्हणजे ती बाहेर काढा. १५५ च दाखवला तर नळ्यांना डिस्केलिंग, म्हणजे क्षार काढणं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी खारावतात, तेव्हा टॉवरचं पाणी वेळेवर बदललं नाही तर क्षार चढतातच.

आणि पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर. खाऱ्या हवेने त्याचे लग (वायर जोडायची टोकं) गंजतात. क्लॅम्प मीटर लावा: ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर ४१५ व्होल्टला सुमारे ३१ अँपिअर घेतो. २० दाखवला तर तो गेला. बंदीत कारखाना बंद असताना कपॅसिटर चालू ठेवू नका. पॉवर फॅक्टर लीडिंग होतो आणि केव्हीएएच (पॉवर फॅक्टर धरून) बिलिंग असेल तर तेही भरावं लागतं.

हर्णै_बर्फ
ब्राईन १.१३ निघालं! तेलही पॉटमधून बऱ्यापैकी निघालं. सोलरचं काय करू मग?

गेजवाला
१.१३ ला कॉईलवर बर्फ असणारच. मीठ थोडं थोडं विरघळवून घाला, एकदम ओतलं तर तळाशी बसतं. आधी बर्फ वितळू द्या, मग नवे आकडे घ्या.

सोलर नंतर. तुमचा भार रात्रीही असतो. बिलावर टीओडीचे (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचे) स्लॉट बघा. टाकी मोठी असेल तर स्वस्त तासांत ब्राईन दोनेक अंश जास्त गार करून महाग तासांत कॉम्प्रेसर ढिला सोडता येतो. मात्र त्या वेळी सक्शनही खाली जातो, म्हणून अति नको.

फिटर_वेंगुर्ला
एक राहिलं. लाद्या सोडवायच्या टाकीतलं पाणी गार असतं, ते गटारात सोडू नका. त्यात कॉईल टाका आणि डब्यांत भरायचं पाणी त्यातून न्या. २८ चं पाणी १८ वर आलं तर गोठवायचा भार सुमारे ९ टक्के उतरतो. ते पाणी थेट डब्यात मात्र घेऊ नका, ब्राईन मिसळलेली असते. लादी ठिसूळ होते, वर खारट. डब्यांवरची लाकडी झाकणं किती तुटलीत तेही मोजा.

हर्णै_बर्फ
झाकणं? अर्धी नाहीतच.

फिटर_वेंगुर्ला
मग सुताराला आजच फोन करा.