पॉली मरे यांच्यावर मराठी नाटक : काय ठेवावे, काय गाळावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
आमचे हौशी मंडळ पॉली मरे (१९१०–१९८५) या कृष्णवर्णीय अमेरिकन वकील व कार्यकर्त्या यांच्यावर तासाभराचे नाटक बसवीत आहे. पहिल्या खर्ड्यात डरहॅममधील बालपणापासून १९७७ मधील धर्मगुरुपदाच्या दीक्षेपर्यंत सारे कोंबल्यामुळे वाचनाच्या वेळी ते जयंतीच्या भाषणासारखे वाटले. काय गाळावे? शिवाय १९१७ मध्ये डॉ. आंबेडकरांना आमच्याच शहरात राहायला जागा मिळाली नव्हती, तो प्रसंग समांतर दाखवावा काय?

उत्तर १
दोन नकारपत्रे धरून ठेवा, बाकी आपोआप गळेल. १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने वर्णामुळे प्रवेश नाकारला आणि १९४४ मध्ये हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या विधी वर्गात पहिल्या आल्यावर हार्वर्डने स्त्री म्हणून नाकारला. त्यावर त्यांनी कळवले की, आपली अट पुरी करण्यासाठी मी आनंदाने लिंग बदलले असते, पण तो मार्ग मला उमगलेला नसल्याने आपणच मत बदलावे. नटीने हे वाक्य टाळीसाठी फेकू नये. मरे यांनी पूर्वी खरोखरच संप्रेरकांचे उपचार मागितले होते आणि डॉक्टरांनी ते नाकारले होते, हे ठाऊक असले की विनोदाखालचा सल ऐकू येतो. टंकलेखन यंत्रावर, अर्ज लिहावा तशा सपाट स्वरात ते यावे.

उत्तर २
पत्रांबाबत सहमत आहे, मात्र १९४० मधील व्हर्जिनियातील पीटर्सबर्गची कोठडी गाळू नका. बसमधील जागेवरून अटक झाल्यावर त्यांनी व त्यांच्या मैत्रिणीने गांधीजींच्या सत्याग्रहाचा मार्ग मनाशी धरून तुरुंगाधिकाऱ्यांना अत्यंत विनयशील निवेदन दिले होते. ‘सत्याग्रह’ हा शब्द तेथे उच्चारला गेला की वडोद्याचा प्रेक्षक जोडायचे ते स्वतः जोडील. जागा न मिळाल्यावर आंबेडकर जेथे जाऊन बसले ती कमाटी बाग त्याला वेगळी दाखवावी लागत नाही, म्हणून आंबेडकरांचा समांतर प्रवेश नको. ‘जिम क्रो’ म्हणजे वर्णभेदाचे कायदे. त्यावरून मरे यांनी स्त्रियांवरील भेदाला ‘जेन क्रो’ म्हटले. त्याचे भाषांतर करू नका, एका संवादात उलगडा. आणि कृपया कोणाच्याही तोंडाला काळा रंग फासू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. सूत्रधार काढून टाकला असून पडदा कोठडीतच उघडेल. शेवटी १९७१ च्या ‘रीड विरुद्ध रीड’ या लिंगभेदाविरुद्धच्या अमेरिकी खटल्यातील युक्तिवादपत्राचे मुखपृष्ठ ठेवत आहोत, कारण पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यावर मरे यांचेही नाव घातले होते. यंत्र मात्र मराठी कळफलकाचेच मिळाले आहे. प्रेक्षकांना अक्षरे दिसणार नाहीत, खटखट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली म्हणजे झाले.