मदत हवी आहे: वापरलेल्या ज्युनो-१०६ची खरी विक्री किंमत कुठे कळते? (तातडीचं)

टंगळमंगळ
मंडळी, रोलंडचा ज्युनो-१०६ (जुना सिंथेसायझर) ऑनलाइन घ्यायचा आहे. विकणारा म्हणतो, "बाजारात हाच भाव चालू आहे, बघून घ्या." बघितलं तर खरंच सगळीकडे त्याच्याच आसपासचे आकडे. पण ते सगळे अजून विकायला ठेवलेले! विकले गेलेले कितीला गेले ते कुठे दिसतं? रात्रीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. "आधी गूगल करा" सांगू नये, केलंय.

खर्जातला
सगळे व्हॉइस (एकेक सूर वाजवणारे भाग) वाजतात का? व्होल्टेज कोणतं? चिप बदलल्यात का? भाव शिपिंग धरून की सोडून? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय कप्पाळ!
आणि ते "दुसरं गिऱ्हाईक" प्रत्येक जाहिरातीत असतं. इतक्या वर्षांत त्याने एकही सिंथ घेतलेला नाही.

टंगळमंगळ
चालू आहे हो. फोटोत दिवे लागलेले दिसतायत. प्रश्न किमतीचा आहे.

आलापी
ईबेवर नाव टाकून शोधा आणि फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' निवडा. नुसतं 'कम्प्लीटेड' निवडलंत तर न विकता संपलेल्या जाहिरातीही येतात, तिथे बरेच जण फसतात. साधारण मागच्या ९० दिवसांतलं दिसतं. आकड्यावर काट मारून 'बेस्ट ऑफर ॲक्सेप्टेड' लिहिलेलं असेल तर सौदा त्याहून कमीत झालाय. किती कमीत, ते तिथे कळत नाही. म्हणून असे आकडे वरची मर्यादा म्हणून धरायचे, भाव म्हणून नाही.
रिव्हर्बवर (वाद्यं विकायची साइट) प्राइस गाइड आहे, तेही बघा. दोन्हीकडे मेळ बसला तर बोला.

जुनं_ते_सोनं
एवढा अभ्यास कशाला? निम्म्या किमतीपासून सुरुवात करा. मी सगळं असंच घेतो. विकणारा चिडला तर समजायचं की भाव बरोबर होता.

आलापी
@जुनं_ते_सोनं, आणि तो चिडून बोलणंच बंद करतो त्याचं काय? समोर विकल्या गेलेल्या चार जाहिरातींच्या लिंक ठेवल्या की आवाज न चढवता भाव उतरतो.

प्लगिनप्रेमी
१९८४चं यंत्र आज कशाला घ्यायचं? रोलंडचाच जेयू-०६ए घ्या, २०१९चा आहे. छोटा, त्यामानाने नवा. नाहीतर सरळ सॉफ्टवेअर. मिक्समध्ये कुणाला फरक कळतो?

खर्जातला
जेयू-०६ए चार व्हॉइसचा, १०६ सहाचा. दोन्ही हातांनी कॉर्ड धरली की कळतो फरक. आणि धागाकर्त्याने हे विचारलेलंच नाही.

सोल्डरवाले काका
दिवे लागणे म्हणजे चालू असणे नव्हे. या मॉडेलमध्ये ८००१७ए नावाच्या सहा चिप असतात, प्रत्येक व्हॉइसला एक. फिल्टर (सुराचा पोत बदलणारा) आणि व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारा) दोन्ही त्यातच. त्यावरचा काळा लेप काळानुसार बिघडतो, करंट गळतो, मग व्हॉइस खरखरतो, अडकतो नाहीतर गप्प होतो. दर सहावा सूर दबका आला की ओळखायचं.
विकणाऱ्याला सांगा: 'की ट्रान्स्पोज'चं बटण दाबून धरून पॉवर चालू कर. टेस्ट मोड येतो. मग एकेक पट्टी वाजवली की कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. सहाही वेगवेगळे वाजवून, न कापता व्हिडिओ पाठवायला सांगा. नुसत्या कॉर्डचा नको, कॉर्डमध्ये मेलेला व्हॉइस लपतो.
चिप गेल्या असतील तर ॲसिटोनमध्ये बुडवून लेप काढायचा. स्वस्तात काम.

तारसप्तक
काका, दरवेळी ॲसिटोन! लेप निघाला तरी आत खराब झालेली चिप जिवंत होत नाही. क्लोन चिप (नव्याने बनवलेली नक्कल) बसवा आणि विषय संपवा.

सोल्डरवाले काका
ज्याला सोल्डरिंग येत नाही तो क्लोन बसवतो. मी मूळ चिप परत चालू केलेल्या आहेत.

खर्जातला
दोघांनी वेगळा धागा काढा. पण भावाचा मुद्दा इथेच आहे बघा: चिप मूळच्या, लेप काढलेल्या की बदललेल्या, यावरच तोच सिंथ वेगवेगळ्या भावाला जातो. वर्णन न वाचता नुसते आकडे जमवले तर हाती काही लागणार नाही.

टंगळमंगळ
सोल्ड लावून बघितलं. सगळ्यात वरचा आकडा खालच्याच्या कितीतरी पट आहे!! मग खरा कोणता?

आलापी
खालचे उघडून बघितलेत का? त्यात स्लायडरच्या टोप्या, मॅन्युअल, सुटी पॅनल असणार. एचएस-६० पण येतो, आतून हेच पण स्पीकरवाला घरगुती अवतार. 'फॉर पार्ट्स' लिहिलेले वेगळे काढा. वरच्या टोकाचे बहुधा सर्व्हिसिंग करून, पावतीसकट विकलेले असतात. दोन्ही टोकं सोडा आणि तुमच्यासारखे जे उरतील त्यांचा मधला आकडा घ्या. सरासरी नको, एक वेडा आकडा ती बिघडवतो. शिपिंग सगळीकडे एकाच पद्धतीने धरा.

मंद्रसाधक
अवांतर: वापरलेल्या शूअर एसएम५८ माइकचं पण असंच बघायचं का? मला फारच स्वस्तात मिळतोय.

तारसप्तक
एसएम५८च्या नकला भरपूर. विकलेल्यांमध्ये नकलीही मोजल्या जातात, त्यामुळे स्वस्त आकडा बघून हुरळू नका.

टंगळमंगळ
व्हिडिओ मागितला. आधी म्हणाला "टेस्ट मोड वगैरे माहीत नाही". मग पाठवला. डिस्प्लेवर ४ आला की नुसती खरखर. बाकीचे पाच ठीक वाटतायत. आता?

सोल्डरवाले काका
काय म्हणालो होतो? ॲसिटोन.

आलापी
आता 'चालू' म्हणून विकलेले बाजूला ठेवा. 'एक व्हॉइस बंद', 'दुरुस्ती हवी' असं लिहून विकलेले शोधा आणि त्या लिंका त्याला पाठवा. व्होल्टेज अजून सांगितलं नाहीत तुम्ही. जपानमधला असेल तर १०० व्होल्टचा निघेल, ट्रान्सफॉर्मरचा खर्चही त्यातूनच कापा.

टंगळमंगळ
मागच्या पॅनलचा फोटो मागितलाय. लिंका पाठवल्यावर "थोडं कमी करू" म्हणाला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नावच काढत नाहीये आता.

मंद्रसाधक
माझ्या माइकचं कुणी बघेल का? जाळीचा फोटो टाकू?

खर्जातला
वेगळा धागा काढा, आणि काय काय माहीत आहे ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.