मदत हवी आहे: कोर्टाची मालिका बघून आईने उलटतपासासाठी भाषण पाठ केलंय

बोरीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय अर्धा टीव्हीचा आणि अर्धा खऱ्या कोर्टाचा आहे, त्यामुळे कुठल्या विभागात टाकावा कळेना. ॲडमिननी हलवला तरी हरकत नाही.

रात्री नऊला ती वकिलीणबाईंची नवी मालिका सुरू झालीय, नाव लिहीत नाही, ओळखाल. आमच्या गावात ती संपली की ओट्यावर दुसरं कोर्ट भरतं. समोरच्या काकूंचा निकाल ठरलेला: बाई असावी तर अशी. शेजारचे आप्पा रोज एकच म्हणतात, "दोन भागांत निकाल? आमच्या बांधाच्या केसमधे आमचा बाप गेला, मग वकील गेला, बांध अजून तिथंच आहे." पोरं त्यातले संवाद स्टेटसला ठेवतात. इथवर मजाच होती.

पण आमच्या आईची स्वतःची केस चालू आहे. आजोबांच्या शेतीच्या वाटपाचा दावा, समोर सख्खा मामा. मामाचं म्हणणं, आईने हक्क सोडलाय. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र काही नाही. तलाठ्यासमोरचा एक जुना जबाब आहे, त्यावर आईची सही आहे आणि त्यावरून महसुलाच्या नोंदीत फेरफार झाला. तेव्हा तिला "वारसाची नोंद लावायची आहे" एवढंच सांगितलं होतं. आईचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तिचं स्वतःचं म्हणणं लेखी, दाखल झालंय. पुढच्या तारखेला तिचा उलटतपास आहे, म्हणजे मामाचे वकील तिला प्रश्न विचारणार, आणि तारीख नेमकी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) तोंडावर.

आता मालिकेतही भावाबहिणीचीच केस लागली. वकिलीण भावाला पिंजऱ्यात उभं करते, दोन-तीन प्रश्न विचारते, भाऊ ढसाढसा रडतो आणि सगळं कबूल करतो. ते बघितल्यापासून आईचं आमच्या वकिलांवरून मन उडालंय. ते हळू बोलतात, चष्मा पुसतात, "बघू, होईल" म्हणतात. आई म्हणते, "दख, ती कशी बोलस! आन आपला वकील ते मुका शे." तिला वकील बदलायचाय, तोही तारखेच्या आधी.

दुसरं म्हणजे तिने भाषण तयार केलंय. भाच्याच्या गणिताच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलंय आणि भाकरी थापताना म्हणते. "जजसाहेब, ज्या हातांनी याला राखी बांधली" ही सुरुवात तर थेट मालिकेतलीच. पण मधे तिचं स्वतःचंही आहे. आखाजीला माझ्यासाठी निंबाला झोका बांधणारा भाऊ कुठे गेला, तेवढं याला विचारा, असं एक वाक्य आहे. मी "कोर्टात असं बोलू देत नाहीत" म्हटलं की ती म्हणते, टीव्हीवाले काय येडे आहेत का.

तर मदत अशी हवी आहे. खऱ्या उलटतपासात नेमकं काय होतं, हे तिला पटेल असं कसं सांगू? आणि या टप्प्यावर वकील बदलावा का?

मालिकाप्रेमी_जळगाव

भाऊ, मालिकेवर सगळं खापर फोडू नका. माझ्या सासूबाईंना वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा असतो हे पहिल्यांदा या मालिकेमुळे कळलं. आजवर घरात कोणी सांगितलं होतं का? अभिनय थोडा जास्त आहे, मान्य. पण तुमची आई निदान बोलायला तरी तयार झाली.

निवृत्त बेलिफ

नोकरी सगळी कोर्टात गेली, म्हणून ही मालिका घरचे माझ्या शेजारी बसून बघत नाहीत. मी मधे मधे बोलतो. जज हातोडा आपटतात! आपल्याकडे कुठल्या जजच्या टेबलावर हातोडा बघितलाय का? गीतेवर हात ठेवणंही सिनेमातलंच. शपथेचा 1969 चा कायदा आहे, त्यात देवाची शपथ घ्या नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा करा, एवढंच. आणि ती बाई भर उन्हाळ्यात कोट-गाऊन घालून फिरते! तालुक्याच्या कोर्टात गाऊनची सक्ती नाही, उन्हाळ्यात काळ्या कोटाचीही नाही. आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा वकील मंडळी पांढरा शर्ट आणि गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर असतात. मालिकेतलं कोर्ट बहुतेक एसी असावं.

आता कामाचं. आईंना तारखेच्या आधीच कधीतरी एक दिवस कोर्टात नेऊन बसवा. त्यांची तारीख नसलेल्या दिवशी. कोर्ट उघडं असतं, दिवाणी केस ऐकायला कोणालाही मागच्या बाकावर बसता येतं, फोन तेवढा बंद ठेवायचा. शिपाई पुकारा करतो, कोणी हजर असतं, कोणी नसतं, वकील अर्ज देतात, जज तारीख लिहितात. एखादा उलटतपास चालू असला तर नशीब. समजावण्यात शंभर शब्द खर्च करण्यापेक्षा एक सकाळ बसवा.

धुळ्याचा वकील

तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे केसबद्दल तुमच्या वकिलांचाच शब्द शेवटचा. पद्धत मात्र सांगतो.

आईंचं जे म्हणणं आहे ते सरतपासाच्या शपथपत्रात आलेलं आहे. दिवाणी दाव्यात 2002 पासून सरतपास शपथपत्रावरच होतो. म्हणजे त्यांचं "भाषण" कोर्टात आधीच दाखल आहे, फक्त त्यात राखी नाही. उलटतपासात समोरचे वकील विचारणार आणि आईंनी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. तिथे समोरच्या वकिलांना सूचक, म्हणजे उत्तर आतच सुचवणारे, प्रश्न विचारायची मुभा असते. म्हणून प्रश्न असे येतात: लग्नात तुम्हाला सोनं दिलं हे खरं आहे का? वडील गेल्यावर इतकी वर्षं तुम्ही हिस्सा मागितला नाही, बरोबर? या जबाबावरची सही तुमची आहे ना? यातलं जे खरं आहे ते "खरं आहे" म्हणून मोकळं व्हायचं. बायका इथेच फसतात. सोनं दिलं म्हटलं तर केस गेली असं त्यांना वाटतं, मग नाही म्हणतात, आणि समोरचा लग्नाचा फोटो काढतो. सोनं मिळाल्याने शेतीतला हिस्सा जात नाही, पण एक खोटं उत्तर दिलं की बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

सहीचंही तसंच. सही माझी आहे, पण हक्क सोडण्यासाठी केलेली नाही, वारसनोंद म्हणून सांगितलं होतं, असं एका दमात सांगता येतं. "फक्त हो किंवा नाही बोला" असं वकील दरडावतात, तेव्हा शांतपणे जजसाहेबांकडे बघून "खुलासा करायचा आहे" म्हणायचं. आठवत नसेल तर "आठवत नाही". अंदाज बांधायचा नाही. काही गोंधळ झालाच तर तुमचे वकील फेरतपास घेऊ शकतात, म्हणजे खुलाशासाठी आईंना पुन्हा प्रश्न विचारू शकतात. शेवटी टाईप झालेली साक्ष वाचून मगच सही करायची. चष्मा विसरू नका, हे गमतीने सांगत नाही.

अचानक दार उघडून येणारा साक्षीदार आणि खिशातून निघणारं मृत्युपत्र विसरायचं. कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यावर साक्षीदारांची यादी द्यावी लागते, कागदही वेळेत दाखल करावे लागतात. उशीर झाला तर कारण देऊन परवानगी मागायची.

मुलींच्या हक्काबद्दल मालिकेने बरोबर दाखवलं, पण अर्धंच. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनिता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. जमीन वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली, यावरही हिशोब बदलतो. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, महसुलाची नोंद होते. त्यामुळे तुम्ही सांगता त्यावरून तुमचे "मुके" वकील घाबरलेले दिसत नाहीत, याला कारण असावं. चष्मा पुसणारा वकील मला तरी धोकादायक वाटतो, समोरच्यासाठी.

तापीकाठची

मी यातून गेलेली आहे, भावाविरुद्धच. वकील बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. नव्या माणसाला फाईल वाचायलाच एक तारीख जाईल, समोरचे म्हणतील मुद्दाम लांबवतात. बदलायचाच असेल तर जुन्या वकिलांची नाहरकत घ्यावी लागते, दिली नाही तर कोर्टाची परवानगी. फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा 2000 सालचा निकाल आहे, पण तुमचं भांडण तिथवर गेलेलंच नाही. आणि पैशांची अडचण असेल तर बाईला उत्पन्न न बघता विधी सेवेतून मोफत वकील मिळतो. तालुका समितीत अर्ज करायचा किंवा 15100 ला फोन.

मला मात्र वेगळंच सांगायचं आहे. तुम्ही आईच्या भाषणातलं झोक्याचं वाक्य लिहिलंत ना, ते मालिकेतलं नाही, कोर्टासाठीचंही नाही. ते भावासाठी आहे. दावा टाकल्यापासून त्या आखाजीला माहेरी गेल्या आहेत का? आपल्याकडे आखाजीला गावातल्या सगळ्या लेकी येतात आणि आपलीच वाट बंद असते, त्याचं काय होतं ते मला विचारा. सुनांना घरात कामाला लावून नणदा झोके घेत असतात आणि आपण दुसऱ्या गावात ओट्यावर बसून गौराईची गाणी ऐकायची. उलटतपासात हे सगळं बाहेर येईल असं मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात गट नंबर, क्षेत्र, सन आणि सही. भाऊ समोर बसून मोबाईल बघत होता.

त्याला ऐकवायचं असेल तर जागा दुसरी आहे. मध्यस्थी. दिवाणी संहितेच्या कलम 89 खाली कोर्ट प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं. तिथे पिंजरा नाही, दोन्हीकडची माणसं एका टेबलाला बसतात आणि मध्यस्थ बोलू देतो. तिथलं बोलणं गुप्त असतं, उद्या पुरावा म्हणून वापरता येत नाही. आमच्यात मी पहिल्या बैठकीत जमिनीचा विषयच काढला नाही.

निवृत्त बेलिफ

तापीकाठच्या ताईंशी सहमत, पण एक सावध करतो. मध्यस्थी म्हणजे "बहीण आहेस, सोडून दे" अशी गावकी नव्हे. आईंनी किती क्षेत्र घेणार, कुठल्या बाजूचं, विहिरीचं पाणी कसं, हे डोक्यात पक्कं करूनच बसावं. तडजोड लोकअदालतीत झाली तर तिच्यावर अपील नाही, नंतर रडून उपयोग नाही. कोर्ट फी परत मिळते ते वेगळं. आणि दावा जिंकलात तरी शेतीची प्रत्यक्ष फाळणी हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. तहसील, मोजणी, नोटिसा, पुन्हा तेच नातेवाईक बांधावर उभे. मालिका हुकूमनाम्याला संपते, आमचं काम तिथे सुरू व्हायचं.

मालिकाप्रेमी_जळगाव

मग सीझन दोन बेलिफकाकांवर काढा. मी बघेन.

बोरीकाठचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. बेलिफकाकांचं ऐकून आईला कोर्टात नेऊन बसवलं. तिच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती ही की पंखा फक्त जजसाहेबांच्या डोक्यावर आहे. एक उलटतपास चालू होता, पाईपलाईनच्या वादाचा. साक्षीदार प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता आणि दर वेळी त्याचेच वकील कपाळाला हात लावत होते. आई बाहेर येऊन म्हणाली, हा माणूस जास्तीचं बोलून बुडाला. मी काहीच बोललो नाही.

वकिलांना धुळ्याच्या वकीलसाहेबांनी लिहिलेले प्रश्न दाखवले. त्यांनी आईला समोर बसवून तेच विचारले. सोन्याच्या प्रश्नाला ती अडखळली, दुसऱ्या वेळी "दिलं होतं, खरं आहे" म्हणाली. वकील बदलायचा विषय सध्या मागे पडलाय. मालिका मात्र बंद नाही, आता ती बघताना मधे मधे बोलते.

मध्यस्थीचं तिला विचारलं. बराच वेळ चुलीतली लाकडं पुढे-मागे करत बसली, मग म्हणाली, "मले मना भाऊले सांगनं शे, जमीन मंग दखू." तर आता प्रश्न एवढाच: उलटतपासाची तारीख जवळ असताना मध्यस्थीचा अर्ज दिला तर चालतो का? आणि समोरच्याला आम्ही घाबरलो असं वाटेल का?

धुळ्याचा वकील

चालतो. टप्प्याचं बंधन नाही. दोन्ही वकिलांनी मिळून पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) दिली तर उत्तम, नाहीतर तुमच्या वकिलांनी एकट्याने अर्ज द्यावा, जजसाहेब समोरच्यांना विचारतील. पण त्या दिवशीचा उलटतपास पुढे ढकलला जाईलच असं धरून चालू नका, आईंची तयारी पूर्ण ठेवा. तयारीने आलेला साक्षीदार आणि वर मध्यस्थीचा अर्ज, याला कोणी घाबरणं म्हणत नाही. मामांना निरोप वकिलामार्फत जाऊ द्या, ओट्यावरून नको.

तापीकाठची

आणि ती गणिताची वही मध्यस्थीला सोबत न्या. राखीचं पान फाडून टाका, बाकीचं राहू द्या.