डिफेन्सिव्ह खेळासाठी रबर कुठलं घेऊ? चॉप सगळे टेबलाबाहेर जातायत

रत्नागिरी_चॉपर

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत असतो, वय ४४. कॉलेजात टीटी (टेबल टेनिस) खेळायचो, मग नोकरी-संसारात पंधरा-सोळा वर्षं बॅट माळ्यावर, आता गेल्या दिवाळीपासून परत रोज संध्याकाळी हॉलवर जातो. माझा खेळ पहिल्यापासून मागे राहून परतवायचा, समोरच्याला मारू द्यायचं आणि आपण चॉप करून, म्हणजे बॅट वरून खाली कापत नेऊन, कट (उलटी फिरकी) देत राहायचं, मला त्यातच मजा येते.

झालं असं की मुंबईला गेलो होतो तेव्हा एका दुकानात दोन्ही बाजूंना २.१ मिमी स्पंजचं फास्ट रबर लावून दिलं, म्हणे आता सगळे हेच वापरतात. तेव्हापासून चॉप केला की बॉल टेबलावरून थेट मागच्या भिंतीवर, आणि घाबरून हात आखडला की नेटमध्ये. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा येतो, दोन्ही बाजूंनी लूप (जोरदार टॉपस्पिनचा, पुढे फिरणारा फटका) मारतो, त्याच्यासमोर माझे सलग चार बॉल टेबलावर पडत नाहीत. कंट्रोल देणारं रबर सुचवा प्लीज, आणि बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावू का? ब्लेड (बॅटची फळी) जुनंच आहे, लाकडी, पाच प्लायचं म्हणजे पाच थरांचं, स्लो आहे.

चिपळूण_टेबल_दोन

दादा, ब्लेड अजिबात बदलू नका, ते तुमच्या खेळाला बरोबर आहे. गडबड स्पंजची आहे. जाड स्पंज म्हणजे गादी, जोरात आलेला बॉल आत रुततो आणि तितक्याच जोरात बाहेर फेकला जातो, तुम्ही कट कितीही छान दिलात तरी लांबी तुमच्या हातात राहत नाही. स्पंज पातळ केलात की बॉल लाकडापर्यंत पोचतो, हाताला कळतं कुठे लागला ते.

फोरहँडला १.५ मिमी घ्या, फार तर १.७. यासाका मार्क व्ही चालेल किंवा बटरफ्लायचं स्रायव्हर, ते १९६७ पासून बाजारात आहे आणि एवढ्या वर्षांत कितीतरी जणांचा हात त्याच्यावर बसलाय. खास चॉपसाठी हवं असेल तर बटरफ्लायचंच टॅकीनेस चॉप, स्पंज मऊ आणि वरचा शीट चिकट, कट भरपूर पडतो. आणि एका वेळी एकच बाजू बदला हो. दोन्ही एकदम बदलल्या की चूक हाताची की रबराची तेच कळत नाही, मी यात माझं एक अख्खं वर्ष घालवलंय.

मालवणची_पिंपल्सवाली

पिंपल्सचं मी सांगते, नऊ वर्षं बॅकहँडला तेच आहे माझ्या. समोरच्याने टॉपस्पिन लूप मारला की लाँग पिंपल्स वाकतात, बॉलला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे त्याचीच फिरकी त्याच्याकडे कट होऊन परत जाते. तुमच्या त्या कॉलेजच्या मुलाला पहिले पंधरा दिवस काही सुधरणार नाही बघा! पण तो शहाणा असेल तर लूप बंद करून साधा पुश (कट देत हलकेच ढकललेला बॉल) द्यायला लागेल, आणि कट आलेल्या बॉलला तुम्ही पिंपल्सने नुसता पुश केलात की बॉलमध्ये कट राहत नाही, उलट थोडा टॉपस्पिनच जातो, बॉल नेटवर उंच तरंगतो आणि मग तो ठोकतो. तिथेच सगळे कंटाळून पिंपल्स काढून टाकतात. म्हणून पहिला महिनाभर फक्त कट आलेला बॉल पिंपल्सने खाली ठेवायची प्रॅक्टिस करा, बाकी काही नको.

टेबलाजवळ उभं राहून ब्लॉक करणार असाल तर बिनस्पंजचं, म्हणजे ओएक्स घ्या. तुम्ही मागे जाऊन चॉप करता तर ०.५ ते १ मिमी स्पंजवालं बघा, स्वतःचाही थोडा कट घालता येतो. बटरफ्लायचं फेंट लाँग ३ त्यासाठी चांगलं आहे. टिबारचं ग्रास डी-टेक्स फार नावाजलेलं आहे पण सुरुवातीला नको, आवरत नाही.

आणि हॉलवर कोणी म्हणालं की पिंपल्स म्हणजे चीटिंग, तर मनावर घेऊ नका. मनिका बत्रा पिंपल्सवरच २०१८ च्या कॉमनवेल्थमध्ये सिंगल्सचं गोल्ड घेऊन आली. ऐहिका मुखर्जी तर अँटीस्पिन (फिरकी न धरणारं) रबर वापरते, तिने २०२४ ला बुसानमध्ये चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हा ती वर्ल्ड नंबर वन होती! मी ती मॅच बघताना किचनमधून ओरडले होते. हा पण खेळच आहे, डोकं लागतं याला. फक्त रबरावर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का बघून घ्या, स्पर्धेत बॅट तपासतात.

कुडाळचो_बॉल

झिला, सगळ्यांनी बरा सांगल्यानी, पण पावसाचा कोण बोलूक नाय. आपल्याकडे जून लागलो की रबराचो काय भरवसो नाय.

म्हणजे बघ, जुलैत हॉलच्या खिडक्यांवर पाणी धरतं तसंच रबरावरपण बारीक ओल धरते, दिसत नाही, पण बॉल घसरतो आणि तुझा कट पडतच नाही. चिकट रबराला हे जास्त जाणवतं असा माझा तरी अनुभव, म्हणून टॅकीनेस पावसाळ्यात नवीन लावू नको, मार्क व्ही घे. पिंपल्सला त्यामानाने कमी त्रास. सुती रुमाल खिशात ठेव, दर सहा पॉइंटला टॉवेलसाठी थांबायला मिळतं तेव्हा बॉल आणि रबर दोन्ही पूस. घरी आलास की रबर पुसून वर प्लास्टिक फिल्म लाव.

चिकटवताना घाई नको. पाण्याचा ग्लू पांढरा असतो, सुकला की पारदर्शक होतो. दमट हवेत त्याला खूप वेळ लागतो, मी रात्री लावून फॅनखाली ठेवतो आणि सकाळी चिकटवतो. एकदा अर्धवट ओला असतानाच दाबला, चौथ्या दिवशी कडेने सुटला, आतून बोट जाईल एवढा. ओएक्स घेतलंस तर ओला ग्लू नकोच, त्याची चिकट शीट मिळते ती वापर.

रत्नागिरी_चॉपर

खूप आभार सगळ्यांचे, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. आता फोरहँडला मार्क व्ही १.५ मागवतो. बॅकहँडचं फास्ट रबर तसंच ठेवू का तोवर? आणि पिंपल्स काळे घेऊ की लाल?

चिपळूण_टेबल_दोन

ठेवा, दोनेक महिने त्याच्याकडे लक्षच देऊ नका, तिकडचे बॉल हात सैल सोडून नुसते ब्लॉक करा. रंगाचं म्हणाल तर एक बाजू काळी लागतेच, दुसरी लाल, किंवा २०२१ पासून निळी-हिरवी-गुलाबी-जांभळीपण चालते. म्हणून फोरहँडला आत्ताच लाल मागवा, पिंपल्स काळे घेता येतील. आणि शनिवारी चिपळूणला येणं झालं तर बॅट घेऊन या, माझ्याकडे जुनं फेंट लाँग लावलेली बॅट आहे, तासभर खेळून बघा आणि मग पैसे घाला.

मालवणची_पिंपल्सवाली

हे बेस्ट. आणि दादा, त्या मुलाला आधी सांगू नका काय लावताय ते. मॅचच्या आधी त्याने बॅट बघायला मागितली तर मात्र दाखवा, तो नियमच आहे.