मटारची पोळी फुटू नये म्हणून
मटारचं सारण भरलेली पोळी लाटताना कडेने फुटते का? दोष बहुतेक सारणातल्या पाण्याचा असणार. मटार उकडू नका. आलं-मिरचीबरोबर भरड वाटून जिरं-हिंगाच्या फोडणीत चांगले कोरडे होईपर्यंत परता. पुरणात उलथनं उभं राहिलं की ते झालं म्हणतो ना, तसंच इथेही. शिवाय चमचाभर भाजलेलं बेसन घाला, उरलासुरला ओलावा ते ओढून घेतं. आणि सारण पूर्ण गार होऊ द्या, घाई इथेच नडते!

कणीक सैल, तेल लावून अर्धा तास झाकलेली. बोटाने दाबल्यावर कणीक आणि सारण सारखंच मऊ लागलं पाहिजे. तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने, कडेकडेने लाटा. आईची पोळी इतकी पातळ असते की तव्यावर पडली की आतला हिरवा रंग वरून दिसतो.