अटलांटाची ब्लॅक कॉलेजं आणि शेजारची ब्लॅक दुकानं: १० टक्के सवलतीने नातं जुळतं का?

वेस्टएंडकर: सहा वर्षं अटलांटात वेस्ट एंडला राहतोय. मोअरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा ही ब्लॅक कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत, हजारो ब्लॅक पोरं-पोरी. आमच्या गल्लीत एक ब्लॅक काका टी-शर्ट छापतात. काउंटरवर 'विद्यार्थ्यांना १० टक्के सूट' असा कागद, सेलोटेप पिवळी पडलीय पण कागद तिथेच. पोरांच्या क्लबचे शर्ट मात्र ऑनलाइन येतात. माझं म्हणणं, कॉलेजांनीच पुढे होऊन ही गाठ घालून द्यायला पाहिजे.

हिशोबी_माणूस: का बुवा? पोरांच्या डोक्यावर आधीच फीचं कर्ज, त्यात शर्टामागे चार डॉलर जास्त मोजून समाजसेवा पण त्यांनीच करायची? काकांनी वेबसाइट काढावी, वेळेवर माल द्यावा, गिऱ्हाईक आपोआप येईल.

जुनी_पानं: हा वाद तिथे सव्वाशे वर्षांचा आहे हो. १८९९ मध्ये तिथल्याच अटलांटा युनिव्हर्सिटीत (पुढे १९८८ ला क्लार्क कॉलेजबरोबर एक झाली) तिथले ब्लॅक समाजशास्त्रज्ञ डू बॉइस यांनी ब्लॅक लोकांच्या व्यापारावर परिषद घेतली होती. ठरावात सरळ म्हटलंय की थोडी झळ सोसावी लागली तरी आपल्या लोकांच्या दुकानातून घ्या. आणि त्याच ठरावात हेही आहे की दुकानदारीत शिकलेली पोरं यायला हवीत. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं कोणी बोलतच नाही.

हिशोबी_माणूस: 'थोडी' झळ म्हणजे किती ते पण लिहायचं ना ठरावात 😄

मिसळ_इन_जॉर्जिया: सगळं पैशात नका मोजू. पास्कल्स माहितीये ना, दोघा ब्लॅक भावांनी १९४७ ला सुरू केलेलं, फ्राइड चिकनवालं रेस्टॉरंट? १९६० मध्ये याच कॉलेजांची पोरं फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर बसून अटक करून घेत होती, तेव्हा सुटून आलेल्यांना पास्कल्समध्ये फुकट जेवण मिळायचं, आईबाप रात्री तिथेच वाट बघत बसायचे. कुपनवर होतं का हे नातं?

हिशोबी_माणूस: मान्य, पण तेव्हा दुसरीकडे वाढतच नव्हते! पोरं लढली ती कुठेही जेवता यावं म्हणूनच ना, मग आता जातायत कुठेही तर त्यांना बोल कशाला. आणि इथल्या ऑबर्न अव्हेन्यूवरचा ब्लॅक लोकांचा बाजार काय एकट्या गिऱ्हाइकांनी बुडवला का, मधून हायवे घातला त्याचं काय.

मास्टर्सवाली: मी यातल्याच एका कॉलेजात शिकतेय म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, होस्टेलच्या पोरांचा मील प्लॅन आधीच भरलेला असतो, तो सोडून रोज बाहेर कोण जेवणार. दुसरी, पोरं नुसती गिऱ्हाईक नाहीत, स्पेलमनच्या मार्केट फ्रायडेला येऊन बघा, दागिने, कपडे, काय काय मांडलेलं असतं, आणि माझ्या वर्गातली एक तर रूमवर वेण्या घालून महिन्याचा खर्च काढते. तिला सूट नकोय, घाऊक भावात एक्स्टेंशनचे केस कुठे मिळतात ते सांगणारं कोणीतरी हवंय. आणि इंटर्नशिप म्हणाल तर मैत्रिणीने एका दुकानात उन्हाळाभर पावत्या लावल्या, शेवटी हातात काय, सर्टिफिकेट. 'आपलीच माणसं' म्हणून फुकट राबवणार असाल तर राहू द्या.

मिसळ_इन_जॉर्जिया: चार माणसांचं दुकान पगार कुठून देणार गं?

मास्टर्सवाली: मग कॉलेजने वाटा उचलावा. फेडरल वर्क-स्टडीचे, म्हणजे शिकता शिकता काम करणाऱ्या पोरांच्या पगारासाठी सरकारचे पैसे असतात, नियमात बसवून कॅम्पसबाहेरचं काम पण देता येतं, खाजगी दुकान असेल तर निदान अर्धा हिस्सा दुकानदाराचा. कागदपत्रं कटकटीची आहेत म्हणून कोणी हात लावत नाही, एवढंच.

हिशोबी_माणूस: हे पटलं. मात्र कॉलेज स्वतः शर्ट, बॅनर, चहापाणी कुठून मागवतं ते आधी विचारा, पोरांना नंतर शिकवा.

वेस्टएंडकर: काल काकांना सहज विचारलं, कॉलेजची ऑर्डर घ्याल का. म्हणाले, एकदा घेतली होती, शर्ट गेले आणि बिल तीन महिने अडकलं, पुढची ऑर्डर आली तेव्हा कापडालाच पैसे नव्हते. मास्टर्सवाली, त्या वर्क-स्टडीचा फॉर्म कोणत्या ऑफिसात मिळतो?